ओन्नीच्या इंजिनातलं पाणी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लोइसचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. लोइस माझी मुलगी. मिलवॉकीला असते. पंचावन्न उलटली तिची, पण फोनवर अशी बोलते की मीच तिची लेक.

“आई, मशीन सुरू होतं का?”

“होतं की.”

“किती वेळा दोरी ओढल्यावर?”

“पाच-सहा.”

“आई.”

“बरं, पंधरा. पण होतं.”

“आणि धूर?”

“धूर तर चुलीतूनही येतो.”

ती हसली नाही. “मागच्या फेब्रुवारीत चार दिवस कोंडली गेली होतीस. घर तापवायच्या तेलाचा टँकर रस्त्यावरूनच परत गेला. कोट घालून झोपलीस, आणि मला कधी सांगितलंस? पाचव्या दिवशी. आता माझं ऐक. मोठं बर्फ पडायच्या आत क्लाइडला मशीन दाखव. तो म्हणाला हिवाळा निघेल, तर रहा तिथे हरणांबरोबर. नाही म्हणाला, तर महिनाअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येते ती तुला घेऊनच जाते. मागच्या खोलीत तुझा पलंग लावून ठेवलाय.”

“तुझ्याकडे साउना कुठे आहे?”

“बाथटब आहे, आई. माणसं त्यातही स्वच्छ होतात.”

फोन ठेवला आणि उरलेले बटाटे तसेच पाण्यात टाकले. तिचं चुकत नव्हतं. आमचं घर रस्त्यापासून दोनशे पावलं आत आहे. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की एका रात्रीत कमरेएवढं बर्फ पडतं, आणि ती दोनशे पावलं मोकळी नसली तर टँकर नाही, टपाल नाही, डॉक्टरही नाही. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने फावड्याने किती उपसायचं? त्या लहान मशीनवरच माझं घर उभं होतं म्हणा ना. पुढचं चक्र बर्फ ओढून घेतं, वरच्या धुराड्यातून बाजूला भिरकावतं, आणि मागे दोन दांडे धरून आपण चालायचं.

मशीन ओन्नीचं. ओन्नी माझा नवरा. त्याला जाऊन तीन हिवाळे झाले होते.

आमच्या लग्नानंतर दोनच वर्षांनी तांब्याची खाण बंद पडली आणि ओन्नी काउंटीच्या रस्तेखात्यात लागला, बर्फ ढकलायच्या ट्रकवर. पहाटे निघून सगळ्या गावाचे रस्ते मोकळे करायचा. पण ट्रक आमच्या फाट्यावरून गेला की बाजूला ढकललेलं सगळं बर्फ आमच्याच तोंडाशी येऊन बसायचं, छातीएवढी भिंत. म्हणजे सकाळी माझा नवरा सरकारी पगारावर माझं दार बुजवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन फुकटात तेच उपसायचा. मी म्हणायची, “अरे, निदान आपल्या घरापुढे तरी पातं उचल.” तो म्हणायचा, “मग शेजारी म्हणतील, ओन्नी कोक्कोच्या घराला वेगळा कायदा.” असा माणूस. त्र्याहत्तर साली त्याची पाठ धरली तेव्हा कुठे ते मशीन घेतलं, आणि घेतल्यावर त्याला माझ्याहून जास्त जपलं. दांड्यांच्या रबरावर त्याच्या अंगठ्यांचे खळगे पडले होते. मी दांडे धरले की माझे अंगठे त्या खळग्यांत बुडून जायचे. मला ते आवडायचं. हात धरून कोणी चालवतंय असं वाटायचं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेली तीन वर्षं दर शनिवारी, साउना, म्हणजे आमची वाफेची अंघोळ, आटपून मी घरात आले की पाचच्या सुमारास मला ते इंजिन ऐकू यायचं. बंद असलेलं इंजिन. लांबून, काचेपलीकडून. गार असताना त्यातून टक् टक् असा एक ठोका यायचा, आत कोणी पेल्यावर चमचा आपटतंय असा, आणि दोन मिनिटांनी तापलं की तो मावळायचा. मला ऐकू यायचा तो नेहमी गार असतानाचा ठोका. मी खिडकीशी कधी गेले नाही. लोइसला सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात पलंग लावला असता तिने.

क्लाइड ट्रेगॉनिंग बुधवारी आला. गावात लहान इंजिनं दुरुस्त करणारा तोच एक उरलाय. मी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते, त्यामुळे साठीच्या आतलं सगळं गाव माझ्या हातचं जेवलंय आणि मला अजून बाई म्हणतं.

“बाई, जरा सुद्धा बदलला नाहीत. आत्ता डाव घेऊन बोटांवर माराल असं वाटतं.”

“तू रांगेत दोनदा घुसायचास म्हणून मारायची.”

“मांस-बटाट्याची पास्टी असली की तीनदा. तुमची पास्टी माझ्या आजीच्या तोडीची होती, हे आमच्या कॉर्निश लोकांत बोललो तर मला चर्चमधून काढतील.”

मशीन मी आधीच अंगणात ओढून ठेवलं होतं. त्याने गुडघ्याखाली गोणपाट टाकलं, स्पार्क प्लग काढून त्याच्या जागी आतला दाब मोजायचं काट्याचं एक उपकरण बसवलं आणि दोरी ओढली. काटा थोडासा हलला. पुन्हा ओढली. मग त्याने तेल बघायची पट्टी बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली.

“बाई, हे काय आहे?”

“तेल.”

“ही तुमची कॉफी आहे. साय घातलेली.”

पट्टीवर खरंच पिवळट पांढरा साका होता.

“इंजिनात पाणी गेलंय. थोडंथोडकं नाही, वर्षानुवर्षं जातंय. गार लोखंडावर दमट हवा बसली की असं होतं. कुठे ठेवता हे?”

“शेडमध्ये.”

क्लाइड उठला आणि शेडपर्यंत चालत गेला. दार उघडून आत बघितलं. आत ओन्नीचे विळे, मोडक्या खुर्च्या, बटाट्याच्या पेट्या. तेलाचा एक डागही नाही. परत येऊन तो पुन्हा गुडघ्यावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, “बाई, शाळेत आम्ही खोटं बोललो की तुम्हाला आधीच कळायचं. आता माझी पाळी.”

तेव्हा मी साउनाकडे बोट दाखवलं.

आमची साउना अंगणापलीकडे, बर्चच्या झाडांत. माझ्या सासऱ्यांनी बांधलेली. आत दगडांची भट्टी आणि पायऱ्यांची बाकं, बाहेर कपडे काढून ठेवायची छोटी खोली, मध्ये एक दार. मशीन मी त्या बाहेरच्या खोलीत ठेवत होते. शेड गोठतं, इंजिन सुरू होत नाही, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं.

“आम्हा फिनिश लोकांत शेवटची वाफ—”

“माहितीये मला,” क्लाइड म्हणाला. “बायको तुमच्यातलीच आहे. सगळ्यांचं झालं की दगडांवर शेवटचं पाणी ओतायचं आणि आपण निघून यायचं. ती वाफ आपली नाही.”

“ती साउना राखणाऱ्या आत्म्याची असते. माझी आई म्हणायची, आणि घरातल्या गेलेल्यांची.”

“आणि मधलं दार?”

“उघडं ठेवते.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

क्लाइडने टोपी काढून डोकं खाजवलं. दर शनिवारी, तीन वर्षं, बर्फासारख्या गार इंजिनावर मी स्वतःच्या हाताने वाफ सोडली होती.

मग तो कोमट कॉफी पीत पायरीवर बसला आणि मी त्याला तो दिवस सांगितला. सगळा असा मी कोणालाच सांगितला नव्हता.

तो जानेवारीतला शनिवार होता. जेवण झाल्यावर ओन्नी म्हणाला, आज राहू दे, छातीत जड वाटतंय, मासा पचला नाही. मी म्हटलं, साउनाची वाट बुजली आहे, दोनला भट्टी पेटवायची तर आत्ताच जा. मासा काय, चाललास की पचेल. तो गेला. मी निसूचं पीठ मळायला घेतलं, आमचा वेलचीचा गोड पाव. बाहेर इंजिन चालू झालं, टक् टक् ठोका आला, मावळला, आणि मग एकसारखा आवाज. इंजिन चालू आहे म्हणजे ओन्नी बाहेर आहे. पन्नास वर्षं माझा कान तसाच ऐकत आला होता. मी वेलची कुटली, फुगलेलं पीठ पुन्हा मळलं, पाव वळला, तीन पेडांची वेणी घातली. अर्धा तास सहज गेला. आवाज चालूच. मग माझ्या लक्षात आलं की तो जागचा हलत नाहीये.

हल्लीच्या मशीनचा दांडा सोडला की ते थांबतं. ओन्नीचं जुनं. त्याला सोडलं तरी ते चालतच राहायचं. मी बाहेर गेले तर ओन्नी साउनाच्या वाटेवर पालथा पडलेला, पाठीवर बोटभर बर्फ साचलेलं. आणि त्याच्या पुढे वाट होती. त्याच्या डोक्यापासून पुढे चाळीस पावलं, दोन्ही काठ कापलेले, स्वच्छ, जणू कोणी मागे चालत गेलंय. साउनाच्या कोपऱ्यावरून ती सरळ पुढे गेली होती, मग त्याने लावलेल्या करवंदासारख्या लाल फळांच्या झुडपांना वळसा घालून उजवीकडे वळली होती, ओन्नी दर वेळी घालायचा तसाच वळसा. एकही फांदी तुटली नव्हती. टोकाला मशीन बर्चला टेकून जागच्या जागी चाकं फिरवत होतं.

“पडल्यावर लगेच गेला असेल तो, बाई,” क्लाइड म्हणाला.

“डॉक्टरही तेच म्हणाले. मग वाट कोणी काढली?”

क्लाइडने कप खाली ठेवला. तो मशीनजवळ गेला, ते आडवं केलं आणि उजव्या चाकाची टोपी काढली. बराच वेळ आत बघत राहिला. सांगावं की न सांगावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“काय ते बोल.”

“या चाकाची पिन तुटलीये. तुटून गंजलीये, जुनी आहे. म्हणजे ताकद फक्त डाव्या चाकाला जाते. तुम्ही चालवताना सारखं डावीकडे रेटावं लागतं ना?”

“लागतं.”

“सोडलं की हे उजवीकडे वळणार. बाजूला बर्फाची भिंत असेल तोवर सरळ, मोकळं मिळालं की उजवीकडे.” त्याने पिनेचा तुकडा तळहातावर घेतला. “झुडपं वाचली ते नशीब.”

मी त्या तुटक्या पिनेकडे बघितलं. पेन्सिलीच्या टोकाएवढी. तीन वर्षं मी त्या वळशावर जगले होते. ओन्नी उठला, मशीनमागे चालत गेला, झुडपं सांभाळली आणि मग कुठेतरी पलीकडे गेला, असं मी धरून चालले होते. मला क्लाइडचा राग आला. नंतर वाटलं, त्याचा काय दोष, आपणच विचारलं.

“पिन नवी घालू?”

“ते नंतर. इंजिनाचं सांग.”

“इंजिनाचं असं.” तो पुन्हा पायरीवर बसला. “आतलं नळकांडं अ‍ॅल्युमिनियमचं आहे. झिजून अंड्याच्या आकाराचं झालंय. कड्या गंजल्यात. तो टक् टक् ठोका येतो ना, तो तिथलाच, दट्ट्या गार असताना भिंतीवर आपटतो. दुरुस्त करायचं म्हटलं तर नळकांडं कापून मोठं करायचं, त्या मापाचा दट्ट्या शोधायचा, आणि या इंजिनाचे भाग कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या गोठ्यात मिळाले तर मिळाले. मी करीन. तुमच्यासाठी करीन. पण फेब्रुवारी उजाडेल.”

“आणि न करता?”

“एखाद्या दिवशी आतला दांडा तुटेल आणि बाहेर येईल. आज की महिन्याने ते मी सांगू शकत नाही. तुम्ही वाटेच्या मध्यावर असाल आणि हे बंद पडेल. लोइसने मला फोन केला होता, बाई. तिला मी ‘हिवाळा निघेल’ असं या इंजिनाबद्दल सांगणार नाही.”

“मग?”

“माझ्याकडे एक नवं इंजिन आहे. एकच. या सांगाड्यावर बसेल. रविवारी सरोवरावरून वादळ येतंय म्हणतात, दोन फूट. शनिवारी सकाळी सांगा, दुपारी बसवून देतो. पण मग मशीन त्या खोलीत ठेवायचं नाही. नव्यालाही हेच होईल. शेडमध्ये ठेवा, खुर्च्या मी बाहेर काढून देतो.”

“शेड गोठतं.”

“नवं गोठलेलंही सुरू होतं.”

“इंजिनाचं नाही म्हणत मी,” मी म्हटलं.

क्लाइड समजला. जाताना एवढंच म्हणाला, “तोवर ते चालू करू नका.”

गुरुवार असाच गेला. नवं इंजिन घ्यावं तर माझं घर राहतं, साउना राहते, आणि ओन्नीला मी स्वतः उबेतून उचलून गोठलेल्या शेडमध्ये नेऊन ठेवते. न घ्यावं तर तो राहतो उबेत आणि मी मिलवॉकीला बाथटबमध्ये. आणि मग शेवटची वाफ कोण सोडणार? घर विकत घेणारे लोक साउनात सायकली ठेवतील. दोन्हीकडून विचार करून बघितला. ज्याला त्या शनिवारची साउना मिळाली नाही, वाट काढता काढता जो पडला, त्याची बाकी मी दर शनिवारी फेडत होते. पण ज्या वाफेने फेडत होते तिनेच त्याचं इंजिन आतून खाल्लं, हे मनातून जाईना. मी कधीही कुठल्या पोराला शिळं वाढलं नाही, आणि नवऱ्याला तीन वर्षं पाणी पाजत होते.

शुक्रवारी दुपारी आभाळ शिशासारखं खाली आलं. मी कोट घातला आणि मशीन अंगणात काढलं. क्लाइडने बजावलं होतं, पण मला एकदा तो ठोका जवळून ऐकायचा होता. पंधरा वेळा ओढायची तयारी ठेवून मी दोरीला हात घातला.

पहिल्याच ओढीला ते सुरू झालं.

पहिल्या ओढीला ते ओन्नीच्या हातीही गेल्या वीस वर्षांत झालं नव्हतं. निळा धूर निघाला, टक् टक् ठोका सुरू झाला. मला काय वाटलं कोण जाणे, मी दांडे धरले नाहीत. ते तसंच गुरगुरत सोडून मी घरात आले, कोट काढला, हात धुतले आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी होते तिथेच, खिडकीकडे पाठ करून.

ठोका मावळला. एकसारखा आवाज सुरू झाला.

आणि ओन्नी बाहेर होता. खोटं सांगत नाही, मला ते वाटलं नाही, ते मला माहीत होतं, जसं आपल्याला माहीत असतं की शेजारच्या खोलीत कोणीतरी आहे. आत्ता तो वळेल, आत्ता फाट्याकडे जाईल, आत्ता नाक पुसेल. मी पीठही काढलं असतं. माझा हात डब्याकडे गेला होता.

तेव्हा मला कळलं मी काय करतेय ते. त्या दिवशीही असंच होतं. तो पालथा पडला होता आणि हा आवाज मला सांगत होता, सगळं ठीक आहे, तू तुझी वेणी घाल. अर्धा तास. कोणी सांगावं, पाच मिनिटांत बाहेर गेले असते तर हात तरी हातात घेतला असता. या इंजिनाने मला घरात ठेवलं. आणि तीन वर्षं दर शनिवारी तोच आवाज ऐकत मी तशीच ओट्यापाशी उभी राहत होते, खिडकीशी न जाता.

मी मागे वळले आणि खिडकीशी गेले. अंगणात कोणी नव्हतं. मशीन एकटंच थरथरत होतं. मी बघत असतानाच ते दोनदा खोकलं आणि थांबलं. मी बाहेर गेले नाही, ते रिकामं अंगण नीट बघून घेतलं. मग बर्फाचे पहिले कण पडायला लागले तेव्हा जाऊन ताडपत्री टाकली.

शनिवारी सकाळी क्लाइडला फोन केला. “नवं बसव. पिनही घाल.”

दुपारी तो आला, खुर्च्या बाहेर काढल्या, दोन तासांत काम केलं. जुनं इंजिन चार बोल्ट काढून वेगळं करून त्याने पोत्यावर ठेवलं. मोठ्या कोबीएवढं होतं ते. सांगाड्यावर असताना केवढं वाटायचं.

“हे मी घेऊन जातो. भंगारात—”

“नको. त्या खोलीत ठेव. बाकावर.”

“कुठल्या? साउनाच्या?”

“हो.”

“बाई, ते गंजेल.”

“गंजू दे.”

“प्लगचं भोक मी बुजवून देतो, तेवढंच जरा—”

“प्लगही नको. भोक उघडं राहू दे.”

क्लाइडने माझ्याकडे बघितलं. “मग वाफ थेट आत जाईल. वसंतापर्यंत जाम होईल हे. हाताने फिरवलंत तरी फिरणार नाही.”

“मग वसंतापर्यंत,” मी म्हटलं. “तोवर मी आहे त्याच्याजवळ.”

दोन्ही हातांनी उचलून, एखादं पोर नेतात तसं, त्याने ते नेऊन बाकावर ठेवलं. जाताना दारातून म्हणाला, “लोइसला काय सांगू?”

“सांग, हिवाळा निघेल.”

“मशीनचा?”

“आगाऊपणा करू नको. पास्टी दिली आहे ना पिशवीत? जा.”

रविवारी दोन फूट नाही, तीन फूट पडलं. नवं इंजिन पहिल्या ओढीला सुरू झालं. ते सगळ्या इंजिनांसारखं आवाज करतं. सरळ चालतं, रेटावं लागत नाही, आणि दांडा सोडला की थांबतं. मी दोनदा सोडून बघितलं. दोनशे पावलं दीड तासात मोकळी झाली आणि फाट्यावरची भिंतही कापली. ट्रकवाल्या नव्या पोराने मला बघून भोंगा वाजवला आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेवढंच बर्फ आणून लोटलं. थँक्सगिव्हिंगला लोइस आली, मशीन चालवून बघितलं, दोन दिवस राहिली आणि एकटी परत गेली. पलंग अजून तसाच लावलेला आहे म्हणते.

शनिवार मात्र मी बदलले नाहीत. दोनला भट्टी, मग मी, मग शेवटचं पाणी. फक्त आता निघण्याआधी बाहेरच्या खोलीत बाकावर बसायची आणि इंजिनाच्या चाकावर हात ठेवून ते एकदा पूर्ण फिरवायची. पहिल्या शनिवारी ते लोण्यासारखं फिरलं, आतून हवेचा सुस्कारा आला. डिसेंबरात जरा करकरलं. नाताळच्या आठवड्यात बोटांना तांबूस पूड लागली. जानेवारीत, त्याच्या दिवशी, दोन्ही हात लावावे लागले, पण फिरलं. मी त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते सांगण्यासारखं नाही, गावातलंच काहीबाही. कोण गेलं, कोणाची नात कोणाबरोबर पळाली. एकदा मासा पचला नव्हता त्याबद्दलही बोलले. घरात आल्यावर पाचला तो ठोका यायचाच, पण आता मी खिडकीशी उभी राहून ऐकायची, रिकाम्या अंगणाकडे बघत. दर आठवड्याला तो आणखी लांबून यायचा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी चाक निम्मं फिरलं आणि अडकलं. मी थोडं मागे घेऊन पुन्हा रेटलं. मग पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी जोर केला नाही. लोखंड साउनामुळे उबदार होतं, माणसाच्या हाताएवढं. केस ओले होते, मान गार पडायला लागली, तरी मी त्यावर हात ठेवून बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. ते हळूहळू गार होत गेलं, अगदी गार होईपर्यंत बसले.

मग उठून दगडांवर शेवटचं पाणी ओतलं, मधलं दार उघडं ठेवलं आणि घरी आले.

खिडकीशी उभी राहिले. पाच वाजले. सव्वापाच झाले. झाडांतून बर्फ खाली पडल्याचा आवाज आला, दुसरं काही नाही. साडेपाचला मी दिवा लावला, बटाट्याचं सूप गरम केलं आणि जेवायला बसले.